हवामानातील पालट : कारणे आणि पुरावे

पूर्वीसारखा पाऊस आता पडत नाही, पूर्वीसारखी थंडी आता राहिली नाही, ही तक्रार प्रत्येक पिढीतील वडीलधारी माणसे करीत आली आहेत. तिच्यात तथ्य असेलही. परंतु स्मृती ही काही हवामानाची विश्वसनीय नोंदवही नव्हे. एखादा भयंकर उन्हाळा मनात वर्षानुवर्षे घर करून राहतो आणि चार साधे उन्हाळे विसरून जातात. म्हणून हवामान खरोखर पालटत आहे की नाही, याचा निवाडा आठवणींवर न सोपवता मोजमापांवर सोपवावा लागतो. ते पालटत असेल, तर पुढचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा ठरतो. हा पालट कशामुळे होत आहे? सूर्यामुळे किंवा पृथ्वीच्या गतीमुळे तो होत असेल, तर निमूटपणे सोसणे एवढेच मनुष्याच्या हाती उरते. तो मनुष्याच्याच करणीने होत असेल, तर त्याची जबाबदारी मनुष्यावर येते आणि त्याचा उपायही त्याच्याच हाती राहतो. म्हणून या प्रश्नांची उत्तरे शास्त्राने कोणत्या वाटेने शोधली, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. आज ऊन आहे की पाऊस, ही झाली त्या दिवसाची हवा. एखाद्या प्रदेशात अनेक वर्षे सरासरीने काय घडते, ते झाले त्या प्रदेशाचे हवामान. साधारणपणे तीस वर्षांच्या नोंदींवरून ते ठरविण्याचा प्रघात आहे. एखाद्या जानेवारीत इंदूर वा ग्वाल्हेर येथे कडाक्याची थंडी पडली, म्हणून हवामानाची तापमानवाढ खोटी ठरत नाही. आणि एखाद्या मे महिन्यात हैदराबादेत लोक होरपळले, एवढ्यावरून ती खरीही ठरत नाही. त्यासाठी दीर्घ काळाच्या नोंदी हव्यात. सुदैवाने आपल्या देशात अशा नोंदींची परंपरा जुनी आहे. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ साली स्थापन झाली आणि भारतीय हवामान खाते १८७५ साली सुरू झाले. अशा नोंदी एकत्र करून भारत सरकारच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयाने २०२० साली जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी उष्णतामान सुमारे ०.७ अंश सेल्सियसने वाढले. अवघ्या पृथ्वीचा विचार केला, तर २०११ ते २०२० या दशकाचे सरासरी उष्णतामान १८५० ते १९०० या काळातील सरासरीपेक्षा सुमारे १.१ अंशाने अधिक होते. २०२४ हे वर्ष तर त्या जुन्या सरासरीहून सुमारे दीड अंश अधिक उष्ण गेले.

अंश-दीड अंश ही वाढ ऐकावयास क्षुल्लक वाटते. सकाळपासून दुपारपर्यंत पारा दहा अंशांनी चढतो आणि कोणाचे काही बिघडत नाही, मग एका अंशाची एवढी मातब्बरी का? परंतु सबंध पृथ्वीची सरासरी ही निराळी गोष्ट आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटचे हिमयुग ऐन भरात असताना, पृथ्वीची सरासरी आजच्यापेक्षा जेमतेम पाच ते सात अंशांनी कमी होती. तेवढ्या फरकाने उत्तर अमेरिकेचा आणि उत्तर युरोपाचा मोठा भाग बर्फाखाली गाडला गेला होता आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. निरोगी देहाचे उष्णतामान एका-दोन अंशांनी वाढले, तरी वैद्य नाडी धरून बसतो. पृथ्वीचेही तसेच आहे.

येथे एक शंका घेता येते. गावांची शहरे झाली, मातीच्या जागी सिमेंट आणि डांबर आले, म्हणून तेथील उष्णतामापक जादा आकडा दाखवीत असतील. ही शंका रास्त आहे आणि शास्त्रज्ञांनी ती तपासूनही पाहिली आहे. शहरांपासून दूर असलेल्या ठिकाणांच्या नोंदी वेगळ्या काढल्या, तरी वाढ दिसतेच. समुद्रावर तर शहरे नाहीत. तरीही उष्ण कटिबंधातील हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे उष्णतामान १९५१ ते २०१५ या काळात सुमारे एका अंशाने वाढले. आज जगाच्या महासागरांत सुमारे चार हजार स्वयंचलित तरंगती यंत्रे बुड्या मारून पाण्याची उष्णता मोजीत आहेत. पृथ्वीवर साठत असलेल्या जादा उष्णतेपैकी सुमारे नव्वद टक्के उष्णता महासागरांनी आपल्या पोटात घेतली आहे, असे या मापनांवरून दिसते.

पाणी तापले की ते प्रसरण पावते. त्यातच जमिनीवरील हिमनद्या वितळून त्यांचे पाणी समुद्रास मिळते. या दोन कारणांनी समुद्राची पातळी वाढते. मुंबई बंदरातील भरती-ओहोटीच्या नोंदी १८७८ सालापासूनच्या आहेत आणि आशियातील अत्यंत जुन्या नोंदींत त्यांची गणना होते. अशा नोंदींवरून उत्तर हिंदी महासागराची पातळी १८७४ ते २००४ या काळात दर वर्षी एक ते पावणेदोन मिलिमीटर या गतीने वाढल्याचे आढळले. १९९३ ते २०१७ या काळात तीच गती वर्षाला ३.३ मिलिमीटर झाली. उष्णतामापक, तरंगती यंत्रे, बंदरातील मापनपट्टी आणि डोंगरावरील हिमनद्या या साक्षीदारांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. ते सर्व एकच गोष्ट सांगत असतील, तर ती मानण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

आता कारणाकडे वळू. पृथ्वी मुळात उबदार का राहते, हा प्रश्न फ्रेंच गणिती जोसेफ फूरिये याने १८२४ साली विचारला. सूर्यापासून मिळणारी उष्णता आणि पृथ्वीपासून अवकाशात जाणारी उष्णता यांचा हिशेब मांडताना, वातावरणच उष्णतेला काही प्रमाणात अडवीत असले पाहिजे, असे त्याच्या ध्यानात आले. १८५६ साली अमेरिकेतील युनिस फूट या विदुषीने काचेच्या नळकांड्यांत निरनिराळे वायू भरून ते उन्हात ठेवले. कर्बाम्ल वायू, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, ज्या नळकांड्यात होता, ते सर्वांत अधिक तापले आणि निवण्यासही अधिक वेळ लागला. वातावरणात या वायूचे प्रमाण अधिक असते, तर पृथ्वी अधिक उष्ण झाली असती, असे अनुमान तिने तेव्हाच काढले. दुर्दैवाने तिचे नाव पुढे दीडशे वर्षे विस्मृतीत गेले.

या गोष्टीचे अचूक मापन १८५९ साली लंडनमध्ये जॉन टिंडल याने केले. हवेचा बहुतेक सारा भाग ज्यांचा बनलेला आहे, ते नत्रवायू आणि प्राणवायू उष्णताकिरणांना जराही अडवीत नाहीत. परंतु पाण्याची वाफ आणि कर्बाम्ल वायू, प्रमाणाने अल्प असूनही, त्यांना शोषून घेतात, असे त्याने दाखविले. सूर्यप्रकाश या वायूंतून सरळ खाली येतो. तापलेली जमीन मात्र जे अदृश्य उष्णताकिरण वर सोडते, ते या वायूंत अडतात आणि त्यांतील काही भाग पुन्हा खाली परततो. थंडीत अंगावर घेतलेली गोधडी स्वतः उष्णता निर्माण करीत नाही, अंगची उष्णता बाहेर जाऊ देत नाही एवढेच; वातावरणाचे कार्य काहीसे तसेच आहे. ही गोधडी नसती, तर पृथ्वीचे सरासरी उष्णतामान शून्याखाली सुमारे १८ अंश असते. म्हणजे कर्बाम्ल वायू हा मुळात शत्रू नव्हे; त्याच्यामुळेच पृथ्वी राहण्याजोगी झाली आहे. प्रश्न आहे तो गोधडीच्या जाडीचा.

ती जाडी वाढली तर काय होईल, याचे गणित स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनिअस यांनी १८९६ साली हातांनी आकडेमोड करून मांडले. हवेतील कर्बाम्ल वायू दुप्पट झाला तर पृथ्वी पाच ते सहा अंशांनी तापेल, असे त्यांचे उत्तर आले. आजचा अंदाज सुमारे तीन अंशांचा आहे. हाती इतकी अल्प साधने असताना ते उत्तराच्या इतक्या जवळ पोहोचले, याचे नवल वाटते. थंड देशात राहणाऱ्या त्या विद्वानास ही ऊब हितकरच वाटली होती, आणि तिला फार दीर्घ काळ लागेल अशी त्यांची समजूत होती. पुढे १९३८ साली गाय कॅलेंडर या इंग्रज अभियंत्याने जगातील १४७ ठिकाणच्या नोंदी जमवून, पृथ्वी तापू लागली आहे आणि त्याचे कारण दगडी कोळशाचा धूर आहे, असे प्रतिपादन केले. तज्ज्ञांना ते पटले नाही. एवढा अफाट समुद्र असताना जादा वायू तो गिळून टाकील, असे बहुतेकांचे मत होते.

हा वाद तर्काने मिटण्यासारखा नव्हता; हवेतील वायू प्रत्यक्ष मोजणे आवश्यक होते. ते काम चार्ल्स डेव्हिड कीलिंग या तरुण अमेरिकन शास्त्रज्ञाने मार्च १९५८ मध्ये हवाई बेटातील मौना लोआ पर्वतावर सुरू केले. सुमारे ३४०० मीटर उंचीवर, कारखान्यांपासून आणि अरण्यांपासून दूर, पॅसिफिक महासागराच्या मध्यभागी ही जागा आहे. तेथील पहिल्या नोंदीत हवेच्या दहा लाख भागांत कर्बाम्ल वायूचे ३१३ भाग आढळले. वर्षभरात एक सुंदर गोष्ट दिसून आली. उत्तर गोलार्धातील झाडे उन्हाळ्यात वाढताना हा वायू घेतात, तेव्हा आकडा उतरतो. हिवाळ्यात पाने कुजू लागली की तो पुन्हा चढतो. जणू पृथ्वी वर्षातून एकदा श्वासोच्छ्वास करते. परंतु प्रत्येक वर्षीचा आकडा आदल्या वर्षापेक्षा थोडा वरच राहिला. १९६४ साली पैशांच्या टंचाईमुळे हे मापन काही काळ थांबले, २०२२ साली ज्वालामुखीच्या उद्रेकामुळे तात्पुरते शेजारच्या पर्वतावर न्यावे लागले. तरी ही नोंद आजवर अखंड म्हणावी अशी चालू आहे. २०२४ साली तिचा वार्षिक सरासरी आकडा ४२४ च्या वर गेला.

हा जादा वायू मनुष्याच्या धुरातूनच आला कशावरून? तो समुद्रातून किंवा ज्वालामुखींतून आला नसेल कशावरून? याविषयी तीन स्वतंत्र पुरावे आहेत. पहिला किरणोत्सर्गी कर्बाचा. जिवंत झाडात आणि प्राण्यात चौदा भाराचा किरणोत्सर्गी कर्ब अत्यल्प प्रमाणात असतो. जीव गेल्यावर दर ५७३० वर्षांनी तो निम्मा होत जातो. दगडी कोळसा आणि खनिज तेल कोट्यवधी वर्षे भूमीत गाडलेले असल्याने त्यांत तो मुळीच उरलेला नाही. त्यांचा धूर हवेत मिसळला, तर हवेतील किरणोत्सर्गी कर्बाचे प्रमाण पातळ व्हावयास हवे. अणुबाँबच्या चाचण्यांनी हे प्रमाण बिघडविण्यापूर्वीच्या झाडांची खोडे तपासून हान्स स्यूस यांनी १९५५ साली ते तसे झाल्याचे दाखविले.

दुसरा पुरावा तेरा भाराच्या कर्बाचा. वनस्पती हवेतील कर्ब घेताना बारा भाराचा हलका कर्ब पसंत करतात. म्हणून वनस्पतींपासून झालेल्या कोळशातही जड कर्ब कमी असतो. आज हवेतील जड कर्बाचे प्रमाण घटत आहे. समुद्रातून वा ज्वालामुखीतून वायू आला असता, तर ही घट अशी झाली नसती. तिसरा पुरावा प्राणवायूचा. कोणतीही वस्तू जळताना प्राणवायू खर्च होतो. कीलिंग यांचे पुत्र राल्फ कीलिंग यांनी अत्यंत सूक्ष्म मापनाने हवेतील प्राणवायू किंचित घटत असल्याचे दाखविले. ही घट श्वासोच्छ्वासास बाधक होण्याइतकी नाही. परंतु हा वायू ज्वलनातूनच आला, याची ती पावती आहे. शिवाय जमाखर्चही जुळतो. मनुष्य जितका कर्बाम्ल वायू सोडतो, त्याच्या जवळजवळ निम्मा हवेत राहतो आणि उरलेला समुद्र व वनस्पती शोषून घेतात. समुद्र तो सोडीत नसून घेत आहे; म्हणूनच त्याच्या पाण्याची आम्लता वाढत आहे.

जुन्या काळाची साक्ष अंटार्क्टिकाच्या बर्फाने जपून ठेवली आहे. तेथे वर्षानुवर्षे साचणाऱ्या हिमाच्या थरांत त्या त्या काळच्या हवेचे बुडबुडे कोंडले जातात. खोल छिद्रे पाडून काढलेल्या बर्फाच्या दांड्यांतून गेल्या आठ लाख वर्षांची हवा तपासता आली. त्या सबंध काळात कर्बाम्ल वायू दहा लाखांत सुमारे १८० ते ३०० भाग या मर्यादेत राहिला. यंत्रयुगापूर्वी तो सुमारे २८० होता. तेथून ४२४ पर्यंतची मजल अडीच-तीनशे वर्षांतली आहे, आणि तीतही मोठा भाग गेल्या सत्तर वर्षांतला.

हवामान पूर्वीही बदलत होतेच, मग आताच चिंता का, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. पूर्वी ते बदलत होते हे खरे. परंतु त्याची कारणेही शास्त्रास ठाऊक आहेत. पृथ्वीची कक्षा, तिच्या अक्षाचा कल आणि त्याची भोवऱ्यासारखी डोलण्याची गती हजारो वर्षांत हळूहळू बदलते आणि त्यानुसार हिमयुगे येतात व जातात, हा सिद्धांत सर्बियाचे मिलुटिन मिलान्कोविच यांनी मांडला. हे फेरे वीस हजारांपासून एक लाख वर्षांपर्यंतचे आहेत. शंभर वर्षांतील वाढ त्यांनी उलगडत नाही. उलट, गेल्या काही हजार वर्षांत या कारणाचा कल पृथ्वी किंचित थंड करण्याकडेच होता. एखाद्याच्या घरास पूर्वी वीज पडून आग लागली होती, म्हणून आज आत टाकलेली जळती काडी निर्दोष ठरत नाही.

सूर्याची चौकशीही झाली आहे. १९७८ सालापासून कृत्रिम उपग्रह सूर्याची शक्ती थेट मोजीत आहेत. अकरा वर्षांच्या आवर्तनात ती हजारात एक भाग एवढी कमी-अधिक होते. परंतु तिच्यात वाढ अशी झालेली नाही. आणखी एक खूण निर्णायक आहे. सूर्यामुळे पृथ्वी तापली असती, तर वातावरणाचे खालचे आणि वरचे असे दोन्ही थर तापले असते. कर्बाम्ल वायू वाढल्याने मात्र खालचा थर तापेल आणि वरचा थंड होईल, असे स्यूकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी १९६७ सालीच गणिताने सांगितले होते. पुढे मापनांत नेमके तेच आढळले. मानाबे यांना २०२१ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्वालामुखींचे म्हणावे, तर जगातील सर्व ज्वालामुखी मिळून वर्षभरात जो कर्बाम्ल वायू सोडतात, तो मनुष्याने सोडलेल्या वायूच्या शेकडा एक भागही भरत नाही. मोठे उद्रेक तर आपल्या धुरळ्याने पृथ्वीला तात्पुरती थंड करतात. फिलिपीन्समधील पिनाटुबोच्या १९९१ सालच्या उद्रेकानंतर पृथ्वी पुढील वर्षी सुमारे अर्ध्या अंशाने थंड झाली होती.

कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू जाळणे हे पहिले कारण झाले. जंगलतोड आणि सिमेंटची निर्मिती यांनीही कर्बाम्ल वायू वाढतो. खाणी, गुरेढोरे आणि पाण्याने भरलेली भातखाचरे यांतून मिथेन नावाचा वायू निघतो; तोही उष्णता अडवितो. याउलट, गंधकयुक्त धुराचे सूक्ष्म कण सूर्यप्रकाश परतवून काहीशी थंडाई आणतात. भारतावर अशा धुरकट हवेचे आच्छादन दाट आहे, आणि येथील वाढ जगाच्या सरासरीपेक्षा कमी दिसण्यामागे हेही एक कारण आहे. तथापि ते कण छातीस अपायकारक असल्याने हटविलेच पाहिजेत, आणि ते हटले की त्यांनी झाकलेली उष्णता उघडी पडेल.

या सर्वांचा आपल्या शेताशी आणि किनाऱ्याशी संबंध काय? हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक वाफ धरून ठेवू शकते. त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा तो कोसळतो. १९५१ ते २०१५ या काळात देशातील मोसमी पावसाचे एकूण प्रमाण सुमारे सहा टक्क्यांनी घटले. परंतु पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांचे सहकारी यांच्या २०१७ सालच्या अभ्यासानुसार, मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. शेतकऱ्यास वर्षाच्या बेरजेवर पीक घेता येत नाही. त्याला पाऊस वेळेवर आणि बेताने हवा असतो. गोव्याच्या खाजणांत बांध घालून शेती करणाऱ्यास समुद्र वीतभर वाढणे म्हणजे काय, हे निराळे सांगण्याची गरज नाही. एखादा पूर केवळ या एकाच कारणाने आला, असे म्हणणे शास्त्रास धरून होणार नाही. परंतु अशा पुरांचा संभव वाढला आहे, हे निश्चित.

येथे न्यायाचाही प्रश्न उपस्थित होतो. भारतात दरडोई निघणारा कर्बाम्ल वायू जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. आजवर हवेत साठलेल्या वायूचा फार मोठा वाटा अमेरिकेचा व युरोपचा आहे. ज्याने कमी जाळले, त्याला अधिक सोसावे लागावे, ही गोष्ट उघडच अन्यायाची आहे आणि ती स्पष्टपणे मांडली पाहिजे. परंतु हवेला सरहद्दी नाहीत. आज आपल्या देशातही कोळसा मोठ्या प्रमाणावर जळतो, आणि नव्या धुराचे परिणाम आपल्याच मुलांना भोगावे लागतील.

हवेत गेलेल्या या वायूचा मोठा भाग शेकडो वर्षे टिकतो. म्हणून तापमानवाढ आजवरच्या एकूण धुराच्या प्रमाणात होते, आणि नवा धूर थांबेल तेव्हाच ती जवळपास थांबेल. हे काम अवघड आहे, पण राष्ट्रे एकत्र आली तर काय साधते याचा दाखला उपलब्ध आहे. ओझोन वायूच्या थराचा नाश करणारी रसायने बंद करण्याचा करार १९८७ साली मॉंट्रियल येथे झाला; तो बव्हंशी पाळला गेला आणि तो थर आता सावरत आहे. हवामानाविषयीचा पॅरिसचा करार २०१५ साली झाला, परंतु त्याचे पालन अद्याप पुरेसे झालेले नाही.

फूरियेपासून कीलिंगपर्यंत ज्यांनी हे सत्य शोधले, त्यांतील बहुतेकांना कोणास दोषी ठरवावयाचे नव्हते. त्यांना केवळ हवा समजून घ्यावयाची होती. त्यांनी जमविलेल्या पुराव्यांनी मनुष्यास एक अप्रिय गोष्ट सांगितली आहे, की हा पालट त्याच्याच हातून घडत आहे. पण तिच्यातच दिलाशाचेही बीज आहे. जे आपल्या हातून बिघडत आहे, ते बिघडविणे थांबविण्याचे सामर्थ्यही आपल्याच हाती असते.